मशरूचा डगला

बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी सकाळी वत्सलाच्या उजव्या छातीतली गाठ सुपारीएवढी होती. दुपार होईपर्यंत ती लिंबाएवढी झाली, आणि वत्सलानं ती कुणालाच दाखवली नाही.

दाखवून पुढं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. मागल्या मार्गशीर्षात नांदूरघाटच्या याच घरात, याच बाजेवर ती पहिल्या मुलीला घेऊन निजली होती. गाठ आली, ताप आला, दूध आटलं. शेळीच्या दुधावर ठेवलेली पोर पंचविसाव्या दिवशी गेली. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण मानमोडीच्या तापाची साथ आली त्या दसऱ्याच्या सुमारास तिची आई गेली, आणि माहेरी चूल पेटवणारं बाईमाणूस उरलं नाही. त्याच पंधरवड्यात सासरचे थोरले दीर राधाकिशन गेले. घर सावरायच्या आतच ते पहिलं बाळंतपण झालं होतं. आता वर्षानं हे दुसरं, तेही सासूच्याच हाताखाली.

सासू, चंद्रभागाबाई, करायला कमी पडणाऱ्या नव्हत्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, सगळं वेळच्या वेळी. पण कपड्याच्या बाबतीत त्यांचा नेम पक्का होता. बाळंतिणीनं चाळीस दिवस जुनंच नेसायचं आणि चोळी घट्ट घालायची, सैल कपड्यात वारं शिरतं. वत्सलाची चोळी तिच्या लग्नाच्या वेळी, चौदाव्या वर्षी बेतलेली. दूध भरलं की तिच्या शिवणी काखेत रुतायच्या. पाजायचं म्हणजे पुढची गाठ सोडायची. गाठ सुटली की दोन्ही बाजू उघड्या, आणि दाराच्या फटीतलं वारं थेट छातीवर. घोंगडी ओढून घ्यावी तर ती बाळाच्या गालाला टोचायची आणि ते तोंड सोडायचं. थंडीनं वत्सलाचं अंग आखडायचं, अंग आखडलं की पान्हा उतरायचा नाही. बाळ रडून रडून थकायचं, मग ती गाठ पुन्हा बांधायची. घटकाभरानं पुन्हा सोडायची.

त्या दुपारी थोरली जाऊ तुळजा अंघोळीचं कढत पाणी घेऊन आत आली. पाठीवर पाणी घालता घालता तिला काखेतला लाल वळ दिसला. तिनं तांब्या खाली ठेवला आणि दोन बोटांनी गाठ दाबून पाहिली. वत्सलानं ओठ दाताखाली धरला.

"मागल्या बारीला बी असंच झालतं?" तुळजानं विचारलं.

"असंच."

"मंग मला कावून न्हाई सांगितलं?"

वत्सलानं सरळ तिच्याकडे पाहिलं. मागल्या मार्गशीर्षात तुळजा स्वतःच कोपऱ्यातल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. नवऱ्याला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. तिला काय सांगणार? तुळजालाही ते आठवलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही. शेकलेलं एरंडाचं पान तिनं गाठीवर ठेवलं, वरून मऊ फडकं बांधलं, आणि चोळी घालू न देता वत्सलाला घोंगडीत गुंडाळून ती बाहेर पडली.

तुळजाचा हात शिवणात चालायचा. तिच्या गोधडीचे टाके मोजून घ्यावेत असे असायचे, लग्नाच्या घरून बायका जुनी लुगडी घेऊन तिच्याकडे यायच्या. चोळी सैल करायची तर कापडाची भर लागते. पण नुसती सैल चोळी थंडीला पुरली नसती. अंग झाकलेलं राहील आणि बाळापुरतं तेवढं उघडेल, असं काहीतरी हवं होतं. विचार करता करता तिला नवऱ्याचा डगला डोळ्यांपुढं दिसला.

राधाकिशनचे सगळे कपडे तेराव्यालाच चंद्रभागाबाईंनी आपल्या पेटीत नेऊन ठेवले होते. तुळजाला कुणी विचारलं नव्हतं. सासू मळ्यात गेल्या होत्या. किल्ली देवळीत असायची. तुळजानं पेटी उघडली, धोतराखालचा डगला बाहेर काढला आणि मांडीवर घेतला. जांभळ्या मशरूचा, बाहेरून रेशीम आणि आतून सूत, दोन्हींच्या मध्ये पिंजलेला कापूस. लग्नानंतरच्या चार हिवाळ्यांत त्यांनी तो घातला होता. तिला वाटलं होतं, त्याला अजून त्यांचा वास असेल. तो नव्हता. कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास तेवढा येत होता.  मग तिनं कात्री घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं वत्सलाच्या अंगावर चढवलं त्याला चोळीही म्हणता आलं नसतं आणि बंडीही. पुढचे दोन पाखे एकमेकांवर येत होते, बाराबंदीसारखे, आणि त्यांचे बंद काखेखाली एका बाजूला होते. वरच्या पाख्याच्या आड दोन्हीकडे उभी चीर ठेवली होती. पाखा बोटभर सरकवला की बाळाला वाट मिळायची. पाठ, खांदे, गळा सगळं कापसाखाली ऊबदार राहायचं. आतून जुन्या लुगड्याचं धुऊन धुऊन मऊ झालेलं अस्तर. छातीला ऐसपैस आणि कमरेशी एक रुंद बंद, बाळंतपणानं सैल पडलेलं पोट अलगद धरून ठेवणारा.

बाळ पहिल्यांदाच न रडता प्यायलं. पिता पिता त्याला झोप लागली. वत्सला हलली नाही, हलली तर हे मोडेल असं तिला वाटत होतं. तुळजानं कोनाड्यातला आरसा काढून तिच्यापुढं धरला. दहा दिवस स्वतःच्या अंगाची नुसती शिसारी वाटत होती, घामट, सुजलेलं, दुधानं चिकट झालेलं अंग. आरशात जांभळ्या रंगावर गोरा गळा दिसला, कमरेला बाक दिसला. वत्सलाला एकदम लाज वाटली आणि हसूही आलं.

"हे कशाचं शिवलं?" तिनं विचारलं.

तुळजानं सांगितलं. वत्सलाचं हसू गेलं. ती पाखा चाचपत राहिली आणि मग म्हणाली, की आत्याबाईंना, म्हणजे सासूला, कळलं तर त्या तुम्हाला घरात ठेवणार नाहीत. तुळजा म्हणाली की तोवर तुझी गाठ तरी उतरंल.

त्याच दिवशी दुपारी चंद्रभागाबाईंना कळलं.

बाळंतिणीला दूध-भात द्यायला त्या आल्या तेव्हा वत्सला झोपली होती आणि अंगावरची गोधडी घसरली होती. अंधाऱ्या खोलीत शेगडीच्या उजेडात तो रंग त्यांनी लगेच ओळखला. ताट खाली ठेवून त्या तडक आपल्या खोलीत गेल्या आणि पेटी उघडली. धोतरं होती, पटका होता, डगल्याची जागा रिकामी होती. दर अमावस्येनंतर त्या हे कपडे उन्हात घालायच्या, एकेक झटकून पुन्हा घड्या घालायच्या. त्या वेळी त्या कुणाला जवळ येऊ देत नसत.

त्या ताडताड परत निघाल्या. तुळजाला केस धरून बाहेर काढायचं त्यांच्या मनात होतं. तिला तिच्या भावाच्या गावी, कड्याला, पाठवावं, असं बोलणं घरात सहा महिने चाललंच होतं. संक्रांतीनंतर पाठवायचं जवळजवळ ठरलंही होतं, त्यांनी मालकांकडे दोनदा विषय काढला होता. आता संक्रांतही नको, आजच, असं म्हणत त्या खोलीच्या दाराशी आल्या आणि थांबल्या.

आत बाळ पीत होतं. वत्सला अर्धवट झोपेतच होती. बाळाच्या गिळण्याचा आवाज येत होता, एक घोट, थोडा श्वास, पुन्हा घोट. अकरा दिवसांत हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. मागल्या साली पंचवीस दिवसांत ऐकला नव्हता. चंद्रभागाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. नंतर आवाज न करता परत फिरल्या आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलल्या नाहीत. सुईण छबुबाई गाठ उतरत चालल्याचं सांगायला आली तेव्हा त्या म्हणाल्या, की एरंडाच्या पानाचा गुण असंल.

बाराव्या दिवशी सकाळी गेवराईहून बायनाबाई आल्या, रस्त्यात दोन मुक्काम करून. चंद्रभागाबाईंची ही थोरली लेक. राधाकिशनहून आठ वर्षांनी मोठी, वत्सलाच्या नवऱ्याहून, शहादेवहून, बारा. बाळाची आत्या म्हणून पाळण्यात घालून नाव ठेवायचा मान तिचा. संध्याकाळी बारसं होतं, गावातल्या बायकांना बोलावणं गेलं होतं. त्यातच आदल्या दिवशी तहसिलीतून गिर्दावर, महसुलाचे अंमलदार, मुक्कामाला आले होते. सासरे उत्तरेश्वर गावचे माली पाटील, सारा वसूल करणारे. ते गिर्दावरांसोबत बाहेर दारालगतच्या ढाळजेत बसले होते, आणि घरात कुणाचा आवाज चढू नये असं त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं.

बायनाबाई पाय धुऊन सरळ बाळाकडे आल्या. त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. राधाकिशन गेला तेव्हा साथीमुळं गावं बंद होती, वाटेत कुणी गाडी थांबू देत नव्हतं. त्यांना भावाचं तोंडही पाहायला मिळालं नव्हतं. निरोप पोचला तेव्हा दहावा होऊन गेला होता. त्यांच्याकडं त्याची काहीच वस्तू नव्हती. मायकडून त्याचा डगला मागून न्यायचा, असं त्या सगळ्या वाटेवर मनाशी म्हणत आल्या होत्या. तो त्यांनीच दिला होता. त्यांच्या मालकांनी औरंगाबादहून मशरू आणला, बायनाबाईंनी गेवराईत शिंप्याच्या समोर बसून शिवून घेतला आणि भावाच्या लग्नात त्याच्या अंगावर घातला.

बाळाला उचलायला त्यांनी गोधडी बाजूला केली.

 बाळाला तसंच ठेवून त्यांनी वत्सलाच्या खांद्यावरचं कापड चिमटीत धरून पाहिलं. मग उठून दारात गेल्या आणि आईला बोलावलं. आवाज हळू होता, पण त्या आवाजानं स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजवणारी तुळजा उठून आली.

"हे कुनी फाडलं?"

तुळजा म्हणाली, की मी. तिनं गाठ, ताप, चोळी सगळं सांगायला सुरुवात केली. बायनाबाईंनी ऐकून घेतलं नाही. मेलेल्या माणसाचं कापड बाळंतिणीच्या अंगावर, तेही बारशाच्या दिवशी, असं त्या म्हणाल्या. कापड कमी होतं का या घरात? एक पोर गेली ती पुरली नाही का? त्यांना खरं तर हे बोलायचं नव्हतं. भावाचा डगला तुकडे तुकडे होऊन समोर होता, आणि त्याबद्दल काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून जे तोंडाला येईल ते त्या बोलत होत्या.

"तो डगला तुमचा नव्हता, वन्सं," तुळजा म्हणाली. "आत्याबाईंचा बी नव्हता. माझा व्हता. मला कुनी दिला न्हाई, म्हून मी घेतला."

बायनाबाईंनी आईकडं पाहिलं. चंद्रभागाबाई खाली पाहत होत्या. तेवढ्यात शहादेव आत डोकावला. बाळाचा बाप म्हणून बहिणीनं त्याला निवाडा करायला सांगितला. तो वीस वर्षांचा होता. त्यानं बायकोकडं पाहिलं, जांभळ्या रंगाकडं पाहिलं, तिचा चेहरा किती दिवसांनी निवलेला दिसतोय ते त्याच्या ध्यानात आलं. मग तो म्हणाला, की बाहेर गिर्दावर साहेब हायत, जरा हळू बोला. आणि गेला.

शेवटी चंद्रभागाबाईंनी तोंड उघडलं. लेक म्हणते ते खरं आहे, असं त्या म्हणाल्या. अशुभ आहे. वत्सलानं ते काढावं. तुळजाला कड्याला पाठवायचं ते नंतर पाहू, आधी हे काढावं. बोलताना त्यांनी कुणाच्याच डोळ्यांकडं पाहिलं नाही. काल दारात उभ्या राहिल्या होत्या तेव्हापासून त्या याच क्षणाची धास्ती घेऊन होत्या, आणि तो आला तेव्हा त्यांना लेकीची बाजू सोडता आली नाही. वर्षा-दोन वर्षांनी एकदा येणारी लेक. भावासाठी झुरलेली.

वत्सलानं बंद सोडले. तिनं कुणाला हात लावू दिला नाही. डगल्याची ती बंडी घडी करून तिनं बायनाबाईंच्या मांडीवर ठेवली आणि जुनी चोळी अंगात घातली.

"वन्सं, मागल्या साली समदं रीतीनं झालतं," ती म्हणाली. "नवं कापड न्हाई, सैल कापड न्हाई. रीतीनंच माझी पोर गेली."

ती रडत नव्हती. तिनं चोळीची गाठ बांधली आणि भिंतीकडं कूस वळवली. या घरात दोन वर्षांत कुणी तिचं उलट बोलणं ऐकलं नव्हतं. बायनाबाई मांडीवरचं कापड दोन्ही हातांनी धरून बसल्या. ते अजून गरम होतं.

थोड्या वेळानं बाळ जागं झालं. वत्सलानं गाठ सोडली, पदर ओढला, पाजायचा प्रयत्न केला. दार उघडं होतं, माणसं ये-जा करत होती. बाळ एकदा तोंड लावायचं, सोडायचं, मान वळवायचं, रडायचं. वत्सलानं बाजू बदलली. उजव्या बाजूला त्यानं ओढलं तसा तिच्या तोंडून दबका आवाज निघाला आणि तिनं बाजेची दोरी घट्ट धरली. बाळाचं रडणं बाहेर ढाळजेपर्यंत जात होतं. उत्तरेश्वरांनी दोनदा खाकरून आत इशारा दिला. बाळाला खाकरणं कळत नव्हतं.

चंद्रभागाबाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. तुळजा दारातच उभी होती. घुगऱ्या लागल्याचा वास येत होता आणि तिकडं कुणी गेलं नाही. बायनाबाई बाळाकडं पाहायचं टाळत होत्या. त्यांना स्वतःला सहा लेकरं झाली होती, हे रडणं कसलं ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

एकाएकी चंद्रभागाबाईंनी लेकीच्या मांडीवरचं कापड उचललं.

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "कालपासून ठावं हाय. पेटी मीच उघडून बगितली. हे लेकरू गिळत व्हतं, म्हून गप बसले."

बायनाबाईंनी मान वर केली. "मंग मघाशी माझ्यासंगं कावून बोललीस?"

"तुझं तोंड बगून."

त्यांनी वत्सलाला उठवून बसवलं, चोळी काढली आणि बंडीच्या बाह्यांत तिचे हात घातले. बंद कुठल्या बाजूला बांधायचे ते त्यांना उमजेना. त्यांनी तुळजाकडं पाहिलं. तुळजा पुढं आली आणि तिनं काखेखालचे बंद बांधले. दोघींची बोटं एकाच गाठीपाशी अडखळली. बाळाला पाख्याआड घेतल्यावर ते लगेच थांबलं नाही, हुंदके देत राहिलं. मग हुंदके लांबत गेले.

बायनाबाई तोवर उठून बाहेर गेल्या होत्या.

भावाच्या मरणात आपल्याला येता आलं नाही, आणि आता आईनंही आपल्याला फसवलं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मागच्या अंगणात येऊन त्यांनी शहादेवला गाडी जुंपायला सांगितलं. पाळणा कुणीही हलवावा, आपण थांबणार नाही. शहादेव हो म्हणाला. त्यानं एक बैल जुंपला आणि दुसरा पाणी पाजायला म्हणून ओढ्याकडं नेला. तो परत यायला इतका वेळ लावला की बायनाबाईंना कळून चुकलं. धाकटा भाऊ लहानपणापासून असाच होता. नाही म्हणायचा नाही, आणि करायचाही नाही.

जुंपलेला एकटा बैल मान हलवत उभा होता. बायनाबाई गाडीच्या साटीवर बसल्या. आतून रडणं येत नव्हतं. त्यांच्या ध्यानात आलं, की त्या बराच वेळ ते ऐकण्यासाठीच कान देऊन बसल्या आहेत. राधाकिशन झाला तेव्हा त्या आठ वर्षांच्या. माय मळ्यात गेली की त्याला कडेवर घेऊन त्या गावभर हिंडायच्या. तोही असाच रडायचा, पान्ह्यासाठी, आणि त्या त्याला आपलं बोट चोखायला द्यायच्या.

बायका जमू लागल्या होत्या. चंद्रभागाबाई अंगणात आल्या आणि गाडीजवळ उभ्या राहिल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्या नुसत्या म्हणाल्या, की पाळणा बांधलाय.

"मी येते," बायनाबाई म्हणाल्या. "पन नाव माझ्या भावाचं ठेवायचं. एवढं तर मला मिळू दे."

चंद्रभागाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. उत्तरेश्वरांच्या मनात कुलदेवतेच्या नावावरून काही होतं, पण आता हे नाव मालकांना सांगायचं काम त्यांनी स्वतःवर घेतलं. बायनाबाईंनी साटीवरून उतरून तोंडावर पाणी मारलं. उन्हं उतरायच्या आत बारसं झालं. गोपाळ घ्या, गोविंद घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून वरून फिरवलं गेलं. बायनाबाईंनी कानात कुर्र करून नाव सांगितलं आणि बायकांनी त्यांच्या पाठीत हसत धपाटे घातले. वत्सला पाटावर बसली होती. हिरव्या लुगड्याच्या पदराआडून जांभळी कड दिसत होती. शेजारणी पुढं वाकून पाहू लागल्या, हे कुठलं कापड, बंद असे कडेला कसे, आणि पाजायला सोडावं लागत नाही का. वत्सला त्यांना पाखा सरकवून दाखवत होती. बायनाबाईंनी एकदा तिकडं पाहिलं, एकदाच. जांभळा रंग तिला खुलून दिसत होता. ते त्यांना नाकारता आलं नाही.

तुळजा पाळण्यापाशी नव्हती. कुंकवाच्या बायकांत तिची जागा नव्हती. लागलेल्या घुगऱ्या वरवरच्या काढून ती स्वयंपाकघरातून परातीत भरून देत होती. राधाकिशन, असं बायकांनी मोठ्यानं म्हटलं तेव्हा तिच्या हातातली पळी थांबली. मग तिनं पुढची परात ओढली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बायनाबाई निघाल्या. या वेळी दोन्ही बैल जुंपलेले होते. आत चंद्रभागाबाई नातवाला तेल लावत होत्या आणि तेच नाव पुन्हा पुन्हा घेत होत्या, वर्षभर तोंडून निघालं नव्हतं ते सगळं आज एकदम घ्यायचं असल्यासारख्या. राधाकिशन, पाय सोड. राधाकिशन, डोळे उघड बाबा. निरोप घ्यायला स्वयंपाकघरात आलेल्या बायनाबाईंनी पाहिलं, तुळजा चुलीपुढं बसली आहे आणि त्या नावाच्या प्रत्येक हाकेसरशी तिचा हात पदराकडं जातो आहे. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. ही जन्मभर या पोराला नावानं बोलावू शकणार नाही. हे काल गाडीत बसून नाव मागताना आपल्या मनातही आलं नाही. मायच्याही आलं नाही.

तुळजानं उठून फडताळातून फडक्यात बांधलेलं काहीतरी आणलं. डगल्याच्या दोन्ही बाह्या होत्या. बंडीला आखूड हात पुरले म्हणून त्या राहिल्या होत्या. तुमीच ठेवा, असं ती म्हणाली. बायनाबाईंनी फडकं सोडलं, एक बाही घेतली आणि दुसरी तुळजाच्या हातात परत दिली.  गाडीवान बाहेरून बैलांना चुचकारत होता.

"मला काल सुचलं न्हाई गं," बायनाबाई म्हणाल्या. "तू त्याला हाक काय मारशील?"

तुळजानं बाळाच्या खोलीकडं पाहिलं. चंद्रभागाबाईंचं तेल लावणं थांबलं होतं.

"हाक मारायला लागंल इतका लांब मी त्याला जाऊच देनार न्हाई," ती म्हणाली. आतपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, आणि खाली बसून तिनं चुलीत लाकूड सारलं.